खांबावर कुणी आहे का?

भोंगा हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बसस्थानकाच्या घोषणा-खोलीत उभी हयात गेली, त्यामुळे आधी ड्रायव्हर-कंडक्टर, मग कँटीनवाला आणि शेवटी अख्खी गल्ली त्याला भोंगा म्हणायला लागली. त्यालाही त्यात कधी कमीपणा वाटला नाही. "मी नसतो तर तुम्ही सगळे चुकीच्या गाडीत बसून चुकीच्या बायकोच्या दारात उतरला असता," असं तो वर ऐकवायचा.

आवाज होताच तसा. खर्जातला, भरीव, कसली घाई नसलेला. घरात नुसतं "मीठ दे" म्हणाला तरी वाटायचं, मीठ आता फलाट क्रमांक तीनवरून सुटणार.

निवृत्तीनंतर हा आवाज एकाच माणसाच्या कामी यायचा, बायकोच्या. तिनं पोस्टात पत्रं लावता लावता डोळे झिजवले होते. आता तिला माणसाची आकृती दिसायची, दाराची चौकट दिसायची, पण छापलेलं अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग. आणि बाई तर रहस्यकथांची पक्की व्यसनी. मग दुपारी जेवणं उरकली की तो खुर्ची खिडकीकडे ओढायचा, ती पलंगावर पाय वर घेऊन बसायची, आणि खून सुरू व्हायचा.

सध्याची कादंबरी उशीएवढी जाड होती. एका घड्याळजीला त्याच्याच दुकानात कुणीतरी मारलेलं, आणि दुकानातली सगळी घड्याळं वेगवेगळ्या वेळांवर बंद पडलेली. पुस्तक अर्ध्यावर आलं आणि इकडे डॉक्टरनं भोंग्याच्या घशात दुर्बीण घातली.

"गाठ आहे. काढावी लागेल," डॉक्टर म्हणाला. "जिवाला धोका नाही, पण जागा वाईट आहे. आवाज परत येईल. हाच येईल, असं मात्र मी लिहून देणार नाही. आणि तोवर घसा जपा. दिवसाला फार तर तासभर बोला, तेही हळू."

दोघं दवाखान्यातून घरी परतली. जिना चढता चढता ती मध्येच कठड्याला धरून थांबली.

"अहो, तुम्हाला टेबलावर घ्यायच्या आधी खुनी कोण तेवढं सांगून ठेवा."

"शेवटचं पान बघून सांगू?"

"खबरदार! क्रमानंच सांगायचं."

तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता त्याच्या डोक्यात आलं की रोजचा तास तिच्यासमोर वाचण्यात घालवला तर तो हवेत विरून जाणार. तोच तास साठवून ठेवला तर? ऑपरेशननंतर घर मुकं होईल तेव्हा तिला दुपारी लावून ऐकता येईल. अट एकच. तिनं आत्ता ऐकायचं नाही. आत्ताच ऐकलं तर मग साठवण कसली?

"म्हणजे मी आता उपाशी राहायचं, आणि तुम्ही मुके झालात की जेवायचं," ती म्हणाली.

"मुरू दे थोडं. मुरलेलं चांगलं लागतं."

घरात एक कॉम्प्युटर होता. त्याची भाची एका छापखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची. तिथून मोडीत निघालेलं एक खोकं तिनं मामाला आणून दिलं होतं. जुनी सिस्टिम त्यावर धापा टाकायची म्हणून तिनं त्यात लिनक्स ही हलकी सिस्टिम घातली. घालायला आली तेव्हा एक काळी खिडकी उघडून तिनं असं काही टकाटका टाइप केलं की मामाला वाटलं, पोरगी तार पाठवतेय. "हे असं करायचं. कळलं ना मामा?" "कळलं," मामा म्हणाला. कळलं कुठलं, डोंबल! नंतर काही अडलं की पुन्हा तिलाच फोन. ती बिचारी कामात बुडालेली, पण मामा म्हणून गोड बोलायची. ते गोड बोलणंच त्याला जास्त झोंबायचं.

मग एकदा त्याला दुकान सापडलं. खालच्या पट्टीवर पिशवीचं चित्र होतं, ते दाबलं तर आत हा एवढा बाजार. ओळीनं मांडलेली ॲप्स, प्रत्येकाचं चित्र, खाली दोन ओळी माहिती, चांदण्या, आणि आधीच्या गिऱ्हाइकांचे शेरे. हवं ते दाबा, 'इन्स्टॉल' म्हणा, की माल घरात. नाही पटलं तर 'काढून टाका' म्हणा, की गेलं. बहुतेक सगळं फुकट. काळ्या खिडकीत डोकं घालायला नको, कुणाचे पाय धरायला नकोत. त्यानं बुद्धिबळ आणलं, परत केलं. तारे दाखवणारं काहीतरी आणलं, ते ठेवलं. बायकोसाठी अक्षरं मोठी करणारं भिंग आणलं. तिनं त्यातून पाहिलं आणि म्हणाली, "मुंग्यांचे मुंगळे झाले, एवढंच." तेही परत. "जरा बाजारात जाऊन येतो," असं सांगून तो खुर्चीत जाऊन बसायचा, आणि ती म्हणायची, "पिशवी न्या."

दुकानात खोट नव्हती असं नाही. शोधायला जावं एक आणि पुढे यावं भलतंच. एकच ॲप दोन ठिकाणी, जशी एकाच पाटीची दोन दुकानं शेजारी शेजारी; ताजं कुठलं, शिळं कुठलं, ते घरी आणल्याशिवाय कळू नये. कधी नुसतं चाक गरगरत राहायचं, आणि ते का गरगरतंय हे विचारावं तर कुणाला? गल्ल्यावर माणूस नाही, याचं सुख आणि याचं दुःख एकाच जागी होतं.

पण आवाज रेकॉर्ड करायचं ॲप तिथं मिळालं. चांदण्या भरपूर होत्या. तिकिटाच्या मागचं बारीक अक्षरसुद्धा वाचणारा हा माणूस. त्यानं ॲपचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. एका बटणाखाली स्विचांची रांग होती, काही चालू, काही बंद. तीही त्यानं पाहिली आणि जशी होती तशी ठेवली.

माइक घरचाच होता. निरोपाच्या दिवशी स्थानकातल्या लोकांनी त्याला खोलीतला जुना, लवचिक मानेचा माइक भेट दिला होता, आणि वायरमननं त्याला कॉम्प्युटरला बसेल अशी पिन जोडून दिली होती. मागच्या लहान खोलीत त्यानं भिंतीला रजया टांगल्या. समोर वेल्डिंगचं वर्कशॉप होतं; तिथली जेवणाची सुट्टी झाली, ठिणग्या थांबल्या, की हा दार लावून घ्यायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, लाल बटण दाबायचा आणि वाचायला बसायचा.

पडद्यावर एक रेघ पुढे सरकत राहायची. सरळ, सपाट, ना चढ ना उतार. त्याला ती आवडली. कसा गुळगुळीत रस्ता!

केलेलं काम त्यानं एकदाही ऐकून पाहिलं नाही. पुष्कळांना हे खरं वाटणार नाही, पण घोषणा करणाऱ्याला खरंच वाटेल. घोषणा-खोलीत बाहेरचा भोंगा ऐकूच येत नसे. लाल दिवा लागला की आवाज फलाटावर पोचला असं धरायचं, आणि पुढची गाडी घ्यायची. शिवाय स्वतःचा आवाज ऐकणं त्याला आरशासमोर बसून स्वतःचे दात मोजण्यासारखं वाटायचं.

अशी तीन प्रकरणं झाली. पोलीस घड्याळजीच्या जावयापर्यंत येऊन ठेपले. घसा दिवसेंदिवस खरबरीत होत चालला, पण भोंगा खुशीत होता. ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं भरून ठेवताय, बोटभर चाखवा तरी. एकच वाक्य. खुनाचं नको, हवापाण्याचं चालेल."

तिला हात धरून त्यानं आत नेलं, खुर्चीत बसवलं, आणि पहिलं प्रकरण लावलं.

काही नाही.

त्यानं आवाज वाढवला. पुढे सरकवलं. दुसरं लावलं, तिसरं लावलं. रेघ पळत होती आणि खोली गप्प होती.

"अहो," ती म्हणाली, "डॉक्टरांचं मौन तुम्ही फारच मनावर घेतलंत की."

तो हसला नाही. त्याचा श्वास ऐकूनच तिला कळलं, आणि तिनं चाचपडत त्याचा हात शोधला. तीन प्रकरणांचा आवाज गेला होता, आणि हा काही नळाचा आवाज नव्हे की तोटी फिरवली आणि पुन्हा आला. ती तीन परत वाचायला बसावं तर पुढचं पुस्तक राहणार. पुढचं वाचावं तर मध्ये भगदाड. आणि आणखी वाचणार कशात? माइक तर बहिरा.

त्यानं सगळं करून पाहिलं. पिन काढून फुंकर मारली. वायर बदलली. दुकानात जाऊन दुसरं रेकॉर्डिंगचं ॲप आणलं. ते उघडायचं आणि डोळा लवायच्या आत मिटायचं. तिसरं आणायला गेला तर चाक गरगरत राहिलं. मग त्यानं पहिल्याच्या पानावरचे शेरे वाचले. 'उत्तम.' 'बेकार. आवाज येत नाही.' 'माझाही येत नाही.' 'फार आवडलं, अजून वापरलेलं नाही.' बेकारवाल्यांना त्यानं मनातल्या मनात रामराम केला. आपल्यासारखे आणखी आहेत, एवढाच काय तो दिलासा. त्यांना विचारावं, बाबांनो, पुढे काय केलंत, तर शेऱ्याला उत्तर द्यायची सोयच नव्हती. जो तो आपलं दुःख भिंतीवर लिहून निघून गेलेला.

"भाचीला फोन करा," बायको म्हणाली.

त्यानं मान हलवली. ते तिला दिसणार नाही हे लक्षात येऊन हळू म्हणाला, "नको."

"का? तुमचं नाक खाली होतं?"

"ती येईल, काळी खिडकी उघडेल, टकाटका करेल आणि जाईल. मग माझ्याच घरात मी पाहुणा."

"आणि मी? मला अर्धवट खून ठेवून जाणार?"

"जातोय कुठं? घसा कापणार आहेत, मान नव्हे."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की समजावं, बाई काहीतरी शिजवतेय. तो औषध आणायला खाली उतरला आणि तिनं फोनची बटणं बोटांनी चाचपत भाचीला गाठलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भाची हजर. हेल्मेट काखेत, तोंडात अर्धं बिस्कीट. मामानं बायकोकडे असं पाहिलं की दिसलं असतं तर तिनं नक्की उत्तर दिलं असतं.

"मामा, रागवू नका. मी हातसुद्धा लावणार नाही," भाची म्हणाली. "मी मागे उभी राहते. तुम्हीच दाखवा."

मामीनं तिला आधीच पढवून ठेवलं होतं, हे उघड होतं.

मग त्यानं दाखवलं. माइक, पिन, लाल बटण, रेघ. भाचीनं दोन्ही हात खरोखर पाठीमागे बांधले होते. "आता दुकानात चला," ती म्हणाली. "त्याचं पान उघडा. ते परवानग्यांचं बटण आहे ना, ते."

त्यानं दाबलं. स्विचांची रांग आली. आवाज वाजवणं, चालू. फाइली, चालू. मायक्रोफोन, बंद.

"मामा, हे बंद आहे."

"आहे ना. पहिल्याच दिवशी पाहिलं मी."

"पाहिलं? मग चालू का नाही केलं?"

तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिनं विचारलं होतं, शेजाऱ्याच्या घरात का नाही शिरलात.

"मी बंद केलं नव्हतं," तो म्हणाला.

भाचीला काही कळेना. मामीला कळलं, ती दाराशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. मग भोंग्यानं आपल्या त्या दिवसाच्या तासातली बरीचशी मिनिटं खर्चून सांगितलं. घोषणा-खोलीत त्याच्या उजव्या हाताला स्विचांची पाटी होती, प्रत्येक फलाटाच्या भोंग्याला एक स्विच. कधी कामावर यावं तर एखादा बंद दिसायचा. तो कुणीतरी बंद केलेला असायचा, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी त्या घटकेला फलाटावरच्या खांबावर चढून उघड्या तारेला हात घालून बसलेला असायचा. त्याच्या आधीच्या घोषणावाल्यानं एकदा, "अरे, हा कुणी बंद ठेवला?" म्हणत स्विच दाबला आणि वायरमन खांबावरून खाली आला. जगला, पण उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून खोलीतला कायदा एकच. जो स्विच आपण बंद केला नाही, तो आपण चालू करायचा नाही. ज्यानं बंद केला तोच येऊन चालू करील.

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांचं काही काम चाललं असेल. रेघ पळतेय, म्हणजे तोवर आपला आवाज दुसऱ्या तारेनं जातोय, असं धरलं."

भाची हसली नाही. हेल्मेट खाली ठेवून ती जमिनीवरच बसली. "मामा, इथं खांबावर कुणी नाही. हे दुकानवाले मुद्दाम असं बंद करून देतात. नाहीतर कुठलंही ॲप घरात आलं की आपलं बोलणं ऐकत बसेल. कुणी ऐकायचं ते घरच्या मालकानं ठरवायचं. म्हणजे तुम्ही."

भोंग्यानं स्विचांची रांग पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली.

"मग बरोबरच आहे त्यांचं," तो म्हणाला. "परक्याला घरात घेतलं म्हणून त्याला दाराला कान लावू द्यायचा नाही. चांगली रीत आहे. पण चिठ्ठी कुठंय?"

"कसली चिठ्ठी?"

"बंद स्विचवर चिठ्ठी लागते. कुणी बंद केला, कशासाठी. आमच्याकडे तांबडी पट्टी आणि वर चिठ्ठी. लाल बटण दाबलं तेव्हा यानं म्हणायला नको का, की बाबा रे, तुझं दार लावलेलं आहे? उलट दिवा लावून बसलं. रेघ पळवत होतं, लबाड!"

"ते चुकतंच त्याचं," भाची म्हणाली. "खरंच चुकतं."

त्यानं तो स्विच स्वतःच्या बोटानं चालू केला. करताना एकदा खिडकीतून बाहेर, समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहून घेतलं, सवयीनं. मग माइकसमोर वाकून म्हणाला, "लक्ष द्या." पडद्यावरच्या सपाट रस्त्यात डोंगर उभे राहिले.

भाची गेली. जाताना तिनं मामाला गोड नाही, साधंच सांगितलं, "काढेन वेळ, पण तुम्ही मलाच विचारा. लाजू नका." आणि तो, "बघू," म्हणाला, म्हणजे हो.

आता प्रश्न राहिला भगदाडाचा. तो पुस्तक मांडीवर घेऊन हिशेब करत होता, की गेलेली तीन पुन्हा करू की पुढे जाऊ. बायको आत येऊन पलंगाच्या कडेला टेकली.

"पुढेच जा," ती म्हणाली.

"आणि मधलं?"

"मधलं..." ती रजईची कड चोळायला लागली. "जावई खोटं बोलतोय. त्यानं पोलिसांना सांगितलं तो त्या दिवशी गावाबाहेर होता, पण त्याच्या कोटाच्या खिशात घड्याळाची किल्ली सापडली. मोलकरणीनं ती लपवली. आणि शेजारचा चष्मेवाला मला पहिल्यापासून आवडत नाही."

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. "तू ऐकत होतीस? दाराला कान लावून?"

"कान लावायला कशाला हवा? तुमचा आवाज आणि ते पातळ दार! मी आपली स्टूल घेऊन बसायची बाहेर. पाठ दुखली, पण जावई सापडला."

"आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं. मी मुरायची वाट बघत बसले असते तर आज काय उरलं असतं? रेघ!"

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा घसा विसरून हसला, आणि त्यापायी दिवसाच्या तासातलं उरलंसुरलंही गेलं. पण भगदाड बुजलं होतं. बहिऱ्या माइकनं सांडलेलं सगळं त्या स्टुलावर गोळा झालं होतं.

मग त्यानं पुढचं सपाट्यानं वाचलं. दार मात्र आता उघडं ठेवायचा, तिच्या पाठीची दया येऊन. साठवणही होत होती आणि ताजंही वाढलं जात होतं. तरी पुस्तक जाड ते जाडच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दोन प्रकरणं उरली होती. त्यानं एक वाचलं; शेवटी शेवटी आवाज फाटलेल्या कापडासारखा चरचरायला लागला. तिनंच उठून पुस्तक मिटलं.

"बस झालं. एक राहू दे."

"पण खुनी..."

"तो कुठं पळून जातोय? पुस्तकात कोंडलाय."

निघायच्या आधी त्यानं एक काम केलं. बाजारात गेला, त्या ॲपच्या पानावर आपला शेरा लिहिला. एकेक अक्षर शोधून, सावकाश: 'सर्वांनी कृपया लक्ष द्यावे. मायक्रोफोनचा स्विच दुकानातून बंद येतो. परवानग्या येथे जाऊन आपण स्वतः चालू करावा. खांबावर कुणी नाही.' चार चांदण्या दिल्या. भाचीनं नंतर विचारलं, पाचवी का कापली? तर त्यानं बोटानं हवेत एक चौकोन काढून दाखवला. चिठ्ठीचा.

गाठ निघाली. आवाज आला, पण तो नव्हे. सुकलेलं पान पायाखाली यावं तसा काहीतरी कुजबुजता आवाज होता. डॉक्टर म्हणाला, कदाचित अजून सुधारेल, कदाचित नाही. मधल्या मौनाच्या दिवसांत ती दुपारी मागच्या खोलीत बसायची, आणि तो तिच्यासाठी बटण दाबायचा. त्याचा तो जुना आवाज खोलीभर फिरायचा, आणि स्वतःचा आवाज न ऐकणारा हा माणूस उठून जायचा नाही. खाली मान घालून ऐकत राहायचा, फलाटावरच्या एखाद्या प्रवाशासारखा. साठवण संपली की ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायची. "चष्मेवाल्यावर नजर ठेवायचीय," म्हणायची.

बोलायची परवानगी मिळाली त्या दुपारी वर्कशॉपची सुट्टी झाल्याबरोबर त्यानं पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण. माइकसमोर बसला, पण तोंड उघडेना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"हा आवाज," तो कुजबुजला, "नको साठवायला."

ती उठली. भिंत चाचपत आली, त्याच्या खुर्चीशेजारी तिनं तेच स्टूल ओढलं आणि माइकची मान दोन्ही हातांनी त्याच्या ओठांपाशी वाकवली. "मला दिसत नाही, तुम्हाला बोलता येत नाही. आता लाजायचं कुणाला? स्विच चालू आहे ना?"

"आहे."

"मग सोडा गाडी."

तो वाचायला लागला. पडद्यावर डोंगर नव्हते, बारीकशा टेकड्या होत्या, पण होत्या. ती इतकी जवळ सरकली होती की तिचे केस त्याच्या गालाला लागत होते. घड्याळजीच्या दुकानात सगळे जमले, इन्स्पेक्टरनं एकेक घड्याळ उचललं, आणि मग त्यानं ते नाव वाचलं.

"कोण?" ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"मोलकरीण?" ती स्टुलावरून जवळजवळ पडलीच. "अहो, ती? ती किल्ली लपवणारी? आणि मी इतके दिवस बिचाऱ्या चष्मेवाल्याच्या मागे लागले!"

तो हसायला लागला. हसण्यालाही आता आवाज नव्हता, नुसती हवा होती, आणि तिचं हसणं त्या हवेवर मोठ्यानं वाजत होतं. समोर वेल्डिंग पुन्हा सुरू झालं. रेकॉर्डिंग बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यामुळे त्या शेवटच्या प्रकरणात खुनी सापडल्यावर बराच वेळ एक बाई हसते आहे, आणि मागे कुठेतरी लोखंड जोडलं जात आहे.

ती हल्ली तेवढंच लावून मागते.